चतुःसीमा

पूर्वेस फणस.
मोडीत आहे, पोर्तुगीजमध्ये आहे,
परवा मी टाइप केलं त्या देवनागरीतही आहे.
जागेवर नाही.

गाव मये, तालुका डिचोली.
सर्व्हे खात्याची कनिष्ठ कारकून मी
टेपचं टोक धरून उभी,
आणि भागी मळीक मिरच्या वाळत घालते आहे
मला आणि टेपला वळसा घालून.
"फणस खंय गो मावशे?"
"आज्याच्या आज्यान पळयिल्लो खंय. हांवें ना."

दप्तरात सगळे आहेत.
कदंबांचं कुणी नाही, त्यांचं नुसतं
तळ्याकाठच्या दगडावर सिंहाचं शेपूट उरलं आहे,
बायका त्यावर कपडे आपटतात.
मग आदिलशाही हवालदार, त्याला सारा भातात हवा.
मग वाडीकर भोसल्यांचा कारकून:
भात, नारळ, आणि वर एक कोंबडा,
कोंबडा वेगळ्या शाईत.
(खाल्ल्यावर लिहिला असावा.)
मग रेईशांत मोजणारे, ज्यांनी
डोंगर, तळं, माड, माणसं
एका घराण्याला बक्षीस लिहून दिली,
एका ओळीत,
मध्ये नुसते स्वल्पविराम.

एकसष्टच्या डिसेंबरात भागीची आई पेज ढवळत होती.
निशाण बदललं हे टपालवाल्यानं सांगितलं.
तिनं विचारलं, "आनी भाटकार?"
भाटकार दर्यापलीकडे.
खुर्ची मात्र इथेच राहिली,
तिच्यावर सरकार बसलं,
परागंदा मालमत्तेचे अभिरक्षक
अशा तोंडात न मावणाऱ्या नावानं.
मुंडकार मुंडकारच.
भागीला घरात खिडकी पाडायची होती, तिनं अर्ज केला.
अकरा वर्षं उत्तर नाही.
मग एका रात्री तिनं पहारीनं भिंत फोडली.
चौकट अजून बसवलेली नाही.
"बुजय म्हणले जाल्यार?" म्हणते.
चार मातीच्या विटा
खिडकीखाली रचून ठेवल्यात तिनं, तयार.

पूर्वेला गेलो दोघी. पूर्व संपते पन्नास पावलांवर.
पुढे खाणीचा खड्डा,
तांबडे काठ, तळाशी हिरवं पाणी,
त्यात एक बदक, कुणाचं कोण जाणे.
डोंगर ट्रकांतून गेला.
त्याच्या पावत्या आमच्या दप्तरात नाहीत.

फोन लावला. इनासियो साहेब म्हणाले,
"फणसच लिही बाय.
फणस काढलास तर मागचे सात कागद खोटे पडतील."
लिहिला.
पडवीत भागीनं भाजलेली बिकणं पुढ्यात ठेवली.
मी म्हटलं, "ह्याच फणसाची?"
"पिश्यें. बाजारांतलीं."

मग ती म्हणाली, म्हजें नांव दाखय.
अक्षरं तिला येत नाहीत,
पण नाव कुठे संपतं ते बोटानं बघायचं होतं.
आणि तेव्हा मला दिसलं:
पोर्तुगीज यादीला ळ येत नव्हता,
त्यांनी मळीक आपल्या जिभेवर घोळवून लिहिला,
आम्ही तो परत देवनागरीत उतरवला,
नक्कल केली, नकलेची नक्कल,
आणि सनदेवर, शिक्क्याच्या वर, स्वच्छ छापलं होतं,
भागी मालिक.

वाचून दाखवलं.
म्हटलं, चूक आहे. दुरुस्ती करावी लागेल,
प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार,
पणजीला एक फेरी, नाहीतर दोन.
तिनं मिरच्या उलटल्या.
एक एक, देठाला धरून.
खूप वेळानं म्हणाली, "कितलीं वर्सां लागलीं ती चूक करूंक?"

मी टेप गुंडाळायला घेतली.
तिचं टोक ती सोडत नव्हती.